रेघ, लांबी की जागा? वर्तुळातल्या शब्दांवर वाचकांचे प्रश्न

गणिताच्या सदराकडे आलेल्या पत्रांत या वेळी वर्तुळावरचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. बहुतेक ठिकाणी अडचण सूत्राची नाही, शब्दाची आहे. वर्तुळातला कोणताही शब्द समोर आला की मुलांनी आधी एवढंच विचारावं: हा बिंदू आहे, रेघ आहे, लांबी आहे, की जागा? हे ठरलं की निम्म्या चुका तिथेच थांबतात. खालच्या उत्तरांत हाच धागा पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न: मुलगी सहावीत आहे. ‘वर्तुळाचं केंद्र वर्तुळावर असतं’ हे विधान तिने बरोबर ठरवलं आणि गुण गेला. केंद्र वर्तुळातच तर असतं ना? (एक पालक, कराड)

उत्तर: केंद्र वर्तुळाच्या आत असतं, वर्तुळावर नसतं. वर्तुळ म्हणजे फक्त कड. एका प्रतलात, एका ठरावीक बिंदूपासून सारख्याच अंतरावर असलेले सगळे बिंदू घेतले की जी वाटोळी रेघ तयार होते, ती वर्तुळ. बांगडी म्हणजे वर्तुळ; भाकरी म्हणजे वर्तुळ आणि त्याचा अंतर्भाग मिळून झालेली चकती.

घरी एकदा करून बघा. ३ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून केंद्राला म नाव द्या. कागदावर मन मानेल तिथे पाच-सहा ठिपके द्या आणि प्रत्येकाचं म पासूनचं अंतर मोजून शेजारी लिहा. २.४ सेंमी आलं तर तो ठिपका अंतर्भागात, बरोबर ३ आलं तर वर्तुळावर, ३.५ आलं तर बाह्यभागात. आता म चं म पासूनचं अंतर किती? शून्य. ते ३ नाही, म्हणून म वर्तुळावर नाही. ‘मधोमध दिसतं म्हणून’ या उत्तरापेक्षा हे उत्तर मुलांच्या जास्त लक्षात राहतं, कारण त्यात व्याख्या वापरली जाते.

गोंधळाला आपलं बोलणंही हातभार लावतं. आपण सर्रास ‘वर्तुळाचं क्षेत्रफळ’ म्हणतो. रेघेला क्षेत्रफळ नसतं. म्हणायचं असतं ते ‘वर्तुळाने वेढलेल्या जागेचं क्षेत्रफळ’. ही सोयीची बोली आहे, ती राहू द्या, पण मुलांना एकदा फोड करून सांगा. परिघाचंही तसंच: वर्तुळ ही रेघ आणि परीघ ही त्या रेघेची लांबी. ‘परिघावरचा बिंदू’ असं बोलण्याने काही बिघडत नाही. व्याख्या लिहिताना मात्र परीघ सेंटिमीटरमध्ये सांगता येतो, वर्तुळ नाही, हे ध्यानात ठेवावं.

व्याख्येतले ‘एका प्रतलात’ हे शब्द मुलं हमखास गाळतात. ते गाळले तर व्याख्या चेंडूच्या पृष्ठभागालाही लागू पडते.

प्रश्न: त्रिज्या या शब्दात ‘त्रि’ कशासाठी? वर्तुळात तीन असं काय असतं? (सातवीतला विद्यार्थी, धाराशिव)

उत्तर: फार चांगला प्रश्न. त्याचं उत्तर धनुष्यात आणि आकाशात आहे.

वर्तुळाचा एक तुकडा आणि त्याची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ यांच्याकडे नीट पाहा. हुबेहूब धनुष्य. जुन्या भारतीय गणितात वाकलेल्या भागाला चाप म्हणत, म्हणजे धनुष्य. सरळ भागाला ज्या किंवा जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी. आणि दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतच्या अंतराला शर, म्हणजे बाण. चापाला आज शाळेत आपण कंस म्हणतो, जीवा मात्र जशीच्या तशी टिकली.

आता ‘त्रि’. ज्योतिषगणितात आकाशाच्या वर्तुळाचे बारा भाग करत, एकेक भाग म्हणजे एक रास, ३० अंशांची. गणिताला सोयीचं म्हणून पुढे अर्ध्या जीवेलाच ज्या म्हणू लागले. चाप वाढत जाईल तशी ही अर्धी दोरी लांब होत जाते आणि तीन राशींना, म्हणजे ९० अंशांना, ती सर्वांत मोठी होते. तिथे ती नेमकी केंद्रापासून वर्तुळापर्यंतच्या अंतराएवढी असते. तीन राशींची ज्या, ती त्रिज्या.

वहीत पडताळा घेता येतो. ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ आणि त्याचा एक आडवा व्यास काढा. व्यासाच्या उजव्या टोकापासून कोनमापकाने ३०, ६० आणि ९० अंशांवर वर्तुळावर खुणा करा आणि प्रत्येक खुणेपासून व्यासावर लंब टाका. लंबांची लांबी अनुक्रमे २.५, साधारण ४.३ आणि ५ सेंमी येईल. तिसरा लंब म्हणजे उभी त्रिज्याच.

आज त्रिज्या हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो: केंद्र आणि वर्तुळावरचा बिंदू जोडणारा रेषाखंड, आणि त्या रेषाखंडाची लांबी. म्हणून ‘वर्तुळाला असंख्य त्रिज्या असतात’ हेही खरं आणि ‘वर्तुळाची त्रिज्या ५ सेंमी आहे’ हेही खरं. पहिल्या वाक्यात रेघ आहे, दुसऱ्यात लांबी. व्यासाचंही असंच.

प्रश्न: शर ही कल्पना आजच्या पुस्तकात ठळकपणे दिसत नाही. वर्गात तिचा काही उपयोग आहे का? (माध्यमिक शिक्षिका, डहाणू)

उत्तर: भरपूर आहे. फुटलेल्या बशीचा किंवा बांगडीचा तुकडा हातात आहे, पूर्ण वस्तू नाही, आणि मूळ व्यास काढायचा आहे; अशा वेळी शरच लागतो.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत याचं एक छोटं उदाहरण आहे: व्यास १०, जीवा ६, तर शर किती? उत्तर १. आजच्या पद्धतीने बघू. त्रिज्या ५. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, म्हणून अर्धी जीवा ३. पायथागोरसने केंद्रापासून जीवेचं अंतर ४. त्रिज्येतून ते वजा केलं की ५ − ४ = १.

तुकड्यावरून व्यास काढायचा तर उलटं जायचं. अर्ध्या जीवेचा वर्ग करा, त्याला शराने भागा आणि भागाकारात शर मिळवा: ३ × ३ = ९, ९ ÷ १ = ९, ९ + १ = १०. तुकडा कागदावर ठेवून बाहेरची कड पेन्सिलीने गिरवा, कंसावर दोन बिंदू घेऊन जोडा, जीवेचा मध्य काढून तिथे लंब उभारा आणि तो कंसाला मिळतो तिथपर्यंत मोजा. तो शर.

यात चूक कुठे होते ते मुलांना मुद्दाम दाखवा, कारण धड्यातला खरा रस तिथे आहे. वरच्याच वर्तुळात ६ सेंमीच्या जीवेचा शर १ ऐवजी १.१ सेंमी वाचला गेला, एका मिलिमीटरची चूक, तर व्यास ९.२८ येतो. सात मिलिमीटर कमी! त्याच वर्तुळात ९.६ सेंमीची जीवा घेतली तर शर ३.६ असतो. तिथेही एका मिलिमीटरने चुकून ३.७ वाचला, तरी व्यास ९.९३ येतो, म्हणजे एक मिलिमीटरही बिघडत नाही. जीवा जितकी लांब घ्याल तितकं उत्तर भरवशाचं. तुकडा निवडताना म्हणूनच मोठा निवडावा.

प्रश्न: आयटीआयमध्ये सुतारकाम शिकतो. गोल कापलेल्या प्लायचं केंद्र नंतर शोधावं लागतं. आम्ही अंदाजाने दोन पट्ट्या आडव्या-उभ्या ठेवतो, पण भोक हमखास सरकतं. (अकोला)

उत्तर: अंदाजाने पट्टी ठेवली की ती व्यासावर आहे की जवळच्याच जीवेवर, हे डोळ्यांना कळत नाही. ६० सेंमी व्यासाच्या फळीवर केंद्रापासून १ सेंमी बाजूने गेलेली जीवा ५९.९७ सेंमी भरते. टेपवर हा फरक दिसणारच नाही, आणि केंद्र मात्र एक सेंटिमीटरने हुकलेलं असेल.

गुण्या वापरा. गुण्याचा काटकोनाचा कोपरा फळीच्या कडेला बाहेरून नव्हे तर बरोबर कडेवर टेकवा, दोन्ही भुजा फळीवर येऊ द्या, आणि त्या पलीकडची कड जिथे ओलांडतात तिथे दोन खुणा करा. या दोन खुणा जोडल्या की तो व्यास, कारण काटकोन करणारा कोपरा वर्तुळावर असेल तर समोरची जीवा व्यासच असते. कोपरा पाव फेरा सरकवून दुसरा व्यास काढा. दोन्ही छेदतात ते केंद्र. तिसरा व्यासही काढा. तिन्ही एकाच ठिपक्यात मिळाले तर उत्तम. मधे लहानसा त्रिकोण राहिला आणि तो दोनेक मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर एकतर गुण्या चुकीचा आहे किंवा फळीच नीट गोल नाही. गुण्या तपासायला सरळ कडेला लावून रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूवर पुन्हा मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत.

अडचण येते ती भुजांच्या लांबीची. दोन्ही भुजा सारख्या वापरल्या तर प्रत्येकीला व्यासाच्या साधारण ०.७१ पट लांबी लागते. ३० सेंमीच्या गुण्याने ४२ सेंमीपर्यंतचं काम होईल. ६० सेंमीच्या फळीला ४२.४ सेंमीच्या भुजा हव्यात. तेवढा गुण्या नसेल तर दोन जीवा आखून त्यांचे लंबदुभाजक काढा. जीवा त्रिज्येपेक्षा लांब घ्या आणि एकमेकींशी जवळपास काटकोनात घ्या. जवळजवळ समांतर जीवा घेतल्या तर लंबदुभाजक एकमेकांना इतके तिरपे छेदतात की छेदनबिंदू नेमका कुठे, तेच सांगता येत नाही.

प्रश्न: वर्तुळपाकळी आणि वर्तुळखंड यांत नेहमी गोंधळ होतो. लक्षात ठेवायची सोपी युक्ती? (दहावीची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: युक्तीपेक्षा सुरी चालवून पाहा. भाकरीची चतकोर ही वर्तुळपाकळी: दोन त्रिज्या आणि त्यांच्यामधला कंस, टोक केंद्रात. त्याच भाकरीची कड एकाच सरळ कापाने उडवली तर निघालेला तुकडा वर्तुळखंड: एक जीवा आणि तिचा कंस. केंद्राला हात लागतो तो पाकळीत, खंडात तो लागलाच पाहिजे असं नाही. दोन्ही जागा आहेत, म्हणून दोन्हींना क्षेत्रफळ असतं. दोन्ही एकच होतात ती जागा एक, अर्धवर्तुळ. करंजी घडीवर दुमडली की सरळ बाजू व्यास आणि कातणाने कापतो ती बाजू कंस; तो आकार पाकळी म्हणा की खंड, दोन्ही बरोबर.

गणित एकच पण पुरतं करून बघू. त्रिज्या १४ सेंमी, केंद्रीय कोन ९०°, पाय (π, म्हणजे परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर) २२/७ घेऊ. पूर्ण चकतीचं क्षेत्रफळ २२/७ × १४ × १४ = ६१६ चौसेंमी. पाकळी तिच्या ३६० पैकी ९० भागांची, म्हणजे चौथा हिस्सा: १५४. पाकळीतून दोन त्रिज्या आणि जीवा यांचा त्रिकोण वजा केला की खंड उरतो. त्रिकोण काटकोनी आहे, ½ × १४ × १४ = ९८. खंड १५४ − ९८ = ५६ चौसेंमी. विशाल वर्तुळखंड, म्हणजे जीवेपलीकडचा मोठा भाग, विचारला तर ६१६ − ५६ = ५६०.

गुण जातात ते तीन ठिकाणी. पहिलं, पाकळीची परिमिती विचारली की मुली-मुलं फक्त कंसाची लांबी लिहितात. कंस २२ सेंमी आहे खरा, पण पाकळीला दोन सरळ कडाही आहेत; परिमिती २२ + १४ + १४ = ५० सेंमी. दुसरं, कंसाच्या सूत्रात पाय × त्रिज्येचा वर्ग घातला जातो. कंस ही लांबी आहे, तिच्यात त्रिज्या एकदाच येते. पाकळी ही जागा आहे, तिच्यात त्रिज्या दोनदा गुणली जाते. सूत्र आठवत नसेल तर उत्तर सेंमी हवंय की चौसेंमी, एवढं विचारलं तरी पुरतं. तिसरं, कोन ९०° नसताना त्रिकोणाचं क्षेत्रफळ ½ × त्रिज्या × त्रिज्या असंच लिहून टाकणं. ६०° असेल तर त्रिकोण समभुज होतो आणि सूत्र बदलतं.

प्रश्न: कंस कख म्हटलं की नेमका कोणता कंस घ्यायचा? (सोलापूर)

उत्तर: दोन बिंदूंमुळे वर्तुळाचे दोन कंस होतात, म्हणून दोन अक्षरं अपुरी पडतात. मधला एक बिंदू घेऊन तीन अक्षरांनी नाव द्यावं. फक्त दोन अक्षरं दिली असतील तर लघुकंस समजण्याची पद्धत आहे. घड्याळात १२ ते ४ हा लघुकंस १२०°, आणि ४ पासून ६, ९ वरून परत १२ पर्यंतचा विशालकंस २४०°. बेरीज नेहमी ३६०°.

कंसाचं माप आणि कंसाची लांबी या दोन गोष्टी वेगळ्या. माप अंशांत, लांबी सेंटिमीटरमध्ये. मनगटी घड्याळातला १२ ते ४ चा कंस आणि स्टेशनवरच्या मोठ्या घड्याळातला तोच कंस, दोघांचं माप १२०° आहे, लांबी मात्र कितीतरी वेगळी. म्हणूनच दोन कंस एकरूप ठरायला मापं सारखी असून भागत नाही. ते एकाच वर्तुळाचे किंवा एकरूप वर्तुळांचे असावे लागतात.

प्रश्न: स्पर्शिका काढताना ती एकाच बिंदूत टेकते असं पुस्तक म्हणतं, पण माझ्या आकृतीत ती बराच वेळ वर्तुळाला चिकटून जाते. माझं काय चुकतं? (दहावीचा विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर: डोळ्यांनी रेघ टेकवली, हे चुकलं. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. ३ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात रेघ स्पर्शस्थितीपासून फक्त पाव मिलिमीटर आत सरकली तरी तिचा वर्तुळातला भाग साडेसात मिलिमीटरपेक्षा लांब होतो. म्हणजे ती आता स्पर्शिका उरलीच नाही, छेदिका झाली, आणि कागदावर मात्र छान टेकल्यासारखी दिसते.

म्हणून स्पर्शिका पट्टी सरकवून काढायची नाही, रचनेने काढायची. वर्तुळावरच्या क बिंदूपाशी हवी असेल तर (म हे केंद्र) मक जोडून पुढे बाहेर वाढवा आणि क पाशी त्या रेषेला लंब काढा. स्पर्शबिंदूतली त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते, सगळी रचना याच एका गोष्टीवर उभी आहे. बाहेरच्या प बिंदूतून हवी असेल तर मप जोडा, तिचा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू घ्या, त्या मध्यावरून म मधून जाणारं वर्तुळ काढा. ते मूळ वर्तुळाला दोन ठिकाणी छेदेल. प मधून त्या दोन बिंदूंकडे जाणाऱ्या रेषा म्हणजे स्पर्शिका. हे का चालतं? मप हा नव्या वर्तुळाचा व्यास आहे, म्हणून छेदनबिंदूपाशी काटकोन होतो. वर अकोल्याच्या वाचकाला सांगितलेला गुण्याच हा.

पडताळ्यासाठी त्रिज्या ३ आणि मप ५ सेंमी घ्या. दोन्ही स्पर्शिकाखंड बरोबर ४ सेंमी आले पाहिजेत. एक ४.० आणि दुसरा ४.२ आला तर लंबदुभाजक काढताना कर्कटक हललं, असं समजा.

जीवा आणि छेदिका यांतला फरकही इथेच सांगून टाकतो: छेदिका ही दोन्हीकडे न संपणारी रेषा, जीवा हा तिचा वर्तुळाच्या आतला रेषाखंड. जीवेला लांबी आहे, छेदिकेला नाही. व्यास ही सर्वांत लांब जीवा.

प्रश्न: पाय २२/७ घ्यायचा की ३.१४? शिक्षक एक सांगतात, शिकवणीत दुसरं. आणि घरी दोऱ्याने मोजलं तर ३.२ येतं! (आठवीच्या मुलाचे आजोबा, पुणे)

उत्तर: प्रश्नात दिलं असेल ते घ्यायचं. दिलं नसेल तर त्रिज्या ७, १४, २१, ३.५ अशी असताना २२/७ सोयीचा, १०, २०, ५ अशी असताना ३.१४. दोन्ही किमती अंदाजीच. पाय ३.१४१५९... असा न संपणारा आहे; २२/७ म्हणजे ३.१४२८५... किंचित जास्त, ३.१४ किंचित कमी. म्हणून ‘पाय = २२/७’ असं न लिहिता ‘पाय २२/७ घेऊ’ असं लिहायची सवय लावा.

ही प्रामाणिक सवय आपल्याकडे जुनी आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि त्याला ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, असा शब्द वापरला. भास्कराचार्यांनी दोन किमती दिल्या: सूक्ष्म कामाला ३९२७/१२५० आणि व्यवहारासाठी स्थूल म्हणून २२/७. कुठे किती बारकाई हवी त्याप्रमाणे किंमत निवडायची, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं.

आता तुमचं ३.२. बहुधा व्यास मोजताना पट्टी केंद्रातून गेली नाही. १४ सेंमी व्यासाच्या डब्यावर पट्टी केंद्रापासून १ सेंमी बाजूने ठेवली तर १३.८६ भरतं आणि गुणोत्तर ३.१७ होतं. ही चूक नेहमी एकाच दिशेची असते: जीवा व्यासापेक्षा मोठी होऊच शकत नाही, म्हणून गुणोत्तर वाढतंच. उपाय: डबा दोन जाड पुस्तकांच्या मधे उभ्या कडांना टेकवून ठेवा, पुस्तकं समांतर ठेवा आणि त्यांच्यामधलं अंतर मोजा. तो व्यास. दोऱ्याऐवजी कागदाची पट्टी गुंडाळा, कारण दोरा ओढला की ताणतो, सैल सोडला की लोंबतो. पट्टीची टोकं एकमेकांवर येतील तिथे टाचणीने दोन्ही थरांतून भोक पाडा, पट्टी उलगडून दोन भोकांमधलं अंतर मोजा. ४४ च्या आसपास येईल.

प्रश्न: कासाराकडे बांगडीचं माप २.४, २.६, २.८ असं सांगतात. ही त्रिज्या, व्यास की परीघ? (मिरज)

उत्तर: आतला व्यास, इंचांत. पण तो दशांश नाही. टिंबानंतरचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागाचा, जणू इंचाचे आणे. २.४ म्हणजे २ इंच आणि ४/१६, अर्थात सव्वादोन इंच, ५७ मिलिमीटर. २.८ म्हणजे अडीच इंच, साडेत्रेसष्ट मिलिमीटर. म्हणून २.१० हे माप २.८ पेक्षा मोठं असतं. दशांश शिकलेली मुलं इथे हटकून उलट उत्तर देतात, त्यांची चूक नाही.

माप काढायला बसणाऱ्या बांगडीचा आतला व्यास पट्टीने मोजा. पट्टी हलवत सर्वांत मोठं माप घ्या, कारण व्यास ही सर्वांत मोठी जीवा. २.४ वरून २.६ वर गेलं की व्यास जेमतेम ३.२ मिलिमीटरने वाढतो, पण बांगडीचा आतला परीघ जवळजवळ १ सेंटिमीटरने. एका मापाच्या फरकाने बांगडी हातात अडकते किंवा सैल पडते ती त्यामुळे.

प्रश्न: मुलगा मराठी माध्यमातून सेमीत गेला. नवे शब्द कसे जोडून घ्यावेत? (पालक, जालना)

उत्तर: रेडियस त्रिज्या, डायमीटर व्यास, कॉर्ड जीवा, आर्क कंस, सर्कमफरन्स परीघ, टॅन्जंट स्पर्शिका, सीकंट छेदिका, सेक्टर पाकळी. फसवणारा शब्द एकच: सेगमेंट. मराठीत रेषाखंड आणि वर्तुळखंड हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींना सेगमेंट म्हणतात, एक रेघ आणि एक जागा. प्रश्नात लाइन सेगमेंट आहे की सर्कलचा, हे आधी पाहायला सांगा. शब्दांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा एकाच आकृतीवर दोन्ही भाषांत नावं लिहून घ्या.

प्रश्न: कर्कटकाने काढलेलं वर्तुळ शेवटी जुळत नाही. नवं घेऊ का? (सहावीतला विद्यार्थी, गोंदिया)

उत्तर: आधी हे करून पाहा. पेन्सिल लहान आणि टोकदार घे. टोक आणि सुई कर्कटक मिटल्यावर एका पातळीत आले पाहिजेत. वरचा स्क्रू घट्ट कर. कागदाखाली वहीची जाड पानं ठेव, म्हणजे सुई रुतते, घसरत नाही. पाय धरून फिरवू नकोस, वरची मूठ दोन बोटांत धरून फिरव आणि कर्कटक फिरण्याच्या दिशेला किंचित कलतं ठेव.

त्रिज्या घेताना पट्टीचं शून्य झिजलेलं असेल तर सुई १ वर ठेव. ५ सेंमी हवी तर पेन्सिल ६ वर. घाईत ती ५ वर जाते आणि वर्तुळ ४ सेंमीचं होतं, तेव्हा एकदा मोजून घे.

वर्तुळ काढून झालं की अंतर न बदलता सुई वर्तुळावर ठेवून त्याच त्रिज्येने पुढे खुणा करत जा. सहावी खूण बरोबर पहिल्या जागी आली तर कर्कटक ठीक आहे. ती पुढे-मागे पडली तर मधे कुठेतरी पाय सरकला. स्क्रू घट्ट करूनही तसंच होत राहिलं, तरच नवं घे.